फाटकावरचे दोन कॅमेरे, २३० मीटर केबल आणि अंधार पडल्यावरचं नाटक

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला, खानापूर तालुक्याच्या हद्दीत एक काजू कारखाना आहे. कारखाना आत चढावर, वजनकाटा मात्र खाली रस्त्याकडेला, फाटकाजवळ. काटा तिथंच असणं बरोबर. भरलेली गाडी चढवून वजन करायचं आणि परत उतरवायची, असलं कुणी ड्रायव्हर ऐकून घेत नाही. हंगाम उन्हाळ्यातला. एप्रिल-मे महिन्यात बियांच्या गाड्या रात्री-अपरात्री लागतात, आणि वजनावरून वाद झाला की सावकारांना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, एकच गोष्ट लागते: त्या वेळचं रेकॉर्डिंग.

फाटकावर दोन कॅमेरे बसवलेले होते. एक नंबरप्लेटकडे रोखलेला, दुसरा काट्याच्या फळीवर. दोन्ही खांबावरच्या प्लॅस्टिक पेटीतल्या छोट्या नेटवर्क स्विचला, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याला, जोडलेले. त्या स्विचला स्वतःचा वीजपुरवठा नाही. ऑफिसातून आलेल्या एकाच नेटवर्क केबलवरून तो वीजही घेतो आणि डेटाही पाठवतो. यालाच आपण पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) म्हणतो. केबल ऑफिसाच्या खिडकीतून निघून काजूच्या आणि फणसाच्या झाडांवरून लोंबत फाटकापर्यंत गेलेली.

रेकॉर्डिंग दिवसाचं स्वच्छ, रात्रीचं तुकड्यातुकड्यांत. फाटकावरच्या मामांनी तक्रार एका वाक्यात सांगितली, "दिवसा काय बोलायचं न्हाई ओ, दिवे लागले की ह्याचं नाटक चालू." त्या अगोदर एक कॅमेरा बदलून झाला होता. सावकारांचा पुतण्या बेळगावात कॉलेजला आहे, त्यानं रेकॉर्डरमध्ये जाऊन कॅमेऱ्यांचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, कमी केला, आणि त्यानं खरंच थोडा फरक पडला. त्यामुळे घरात सगळ्यांचं ठरून गेलं की दुखणं नेटचं आहे, विजेचं नाही. ही समजूत काढायला मला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

ज्यांनी मूळ काम केलं त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ऑफिसातल्या स्विचवर एक बारीक बटण आहे, ते सरकवलं की पोर्ट १० मेगाबिटवर येतो, आणि खोक्यावर ठळक छापलंय की असं केल्यावर २५० मीटरपर्यंत चालेल. यांची केबल २३० मीटर. छापील आकड्यावर भरवसा ठेवणाऱ्याचं काय चुकलं? फक्त त्या आकड्यामागे तीन गोष्टी गृहीत आहेत: केबल शुद्ध तांब्याची, टोकाला कमी वॅटचा एकच कॅमेरा, आणि मध्ये जॉइंट नाही. इथं तिन्हींचा नकार होता.

केबल काय सांगते

लांबी मोजायला टेप लागत नाही. नेटवर्क केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. खोक्यात ३०५ मीटर येते. ऑफिसाच्या टोकाला ०४१, फाटकाच्या टोकाला २७१. म्हणजे २३०. केबल एकाच खोक्यातली आहे हेही यातून कळलं, त्यामुळे मधे कुठं जॉइंट असेल तर तो तुटल्यावर मारलेला असणार.

मग दोन्ही टोकं सोडवून प्रत्येक जोडीचा रोध मोजला. पद्धत साधी: फाटकाकडे निळ्या जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळायच्या, ऑफिसाकडे मल्टिमीटर लावायचा, तसंच तपकिरी जोडीचं. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अर्धा-एक ओहम वजा करायचा, बस. निळी जोडी ६३ ओहम, तपकिरी ७४.

२४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. २३० मीटर जाऊन परत यायचं म्हणजे ३९ च्या आसपास आकडा यायला हवा. ६३ आला, तेव्हा तार तांब्याची नाही हे तिथंच ठरलं. तरी खात्रीसाठी टोक ब्लेडनं खरवडलं. वरची तांबूस साल निघाली, आत पांढरी चकचकीत तार. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात तिला सीसीए म्हणतात. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून थोडा जास्त असतो, आणि ही तार जाडीलाही कमी भरत असणार. खोकं उचलूनसुद्धा फरक कळतो, सीसीए हलकं लागतं. दुकानात किंमत विचारण्याआधी खोकं उचलून पाहायची सवय म्हणूनच बरी.

आता तपकिरी जोडी निळीपेक्षा ११ ओहमनं जास्त का? केबलखालून चालत गेलो. अर्ध्याच्या पुढे एका फणसाच्या फांदीला पाण्याची प्लॅस्टिक बाटली उलटी बांधलेली दिसली, बूड कापून. पावसापासून जॉइंट वाचवायला केलेली टोपी. कल्पना वाईट नव्हती, पण पाणी वरून नाही, केबलच्या अंगानं ओघळत येतं. काळी टेप सोडवली तर आत आठ तारा हातानं पिळलेल्या, आणि तपकिरीच्या पिळावर पांढरी भुकटी साचलेली. अ‍ॅल्युमिनियमचा गंज असाच पांढरा असतो. बोटानं चोळली तशी मुलाम्याची साल भुकटीबरोबर निघून आली.

३४ ओहमचा हिशोब

पीओईत वीज जोडीच्या दोन्ही तारांवरून एकाच दिशेनं जाते: इथं निळ्या जोडीवरून धन, तपकिरीवरून ऋण. दोन तारा समांतर म्हणून रोध निम्मा. आपण मीटरवर जोडीचा जो लूप (जाऊन-येऊनचा रोध) मोजतो त्याचा चौथा हिस्सा त्या दिशेच्या वाट्याला येतो. म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करून चारनं भागायचं: ६३ अधिक ७४, भागिले चार, म्हणजे सुमारे ३४ ओहम. हे एक समीकरण लक्षात ठेवलं तर पीओईच्या निम्म्या तक्रारी झाडावर न चढता सुटतात.

आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००३ च्या ८०२.३एएफ या पीओई मानकात स्विचकडून पोर्टला १५.४ वॅट सुटतात आणि टोकाच्या उपकरणाला १२.९५ वॅटचीच हमी असते. मधला फरक केबल खाते. त्या मानकानं केबलचा रोध जास्तीत जास्त २० ओहम धरलाय. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये वीज दुप्पट झाली, ३० वॅट सुटून २५.५ पोचतात, पण करंट वाढल्यामुळे रोधाची मर्यादा साडेबारा ओहमवर आणली. आपले ३४ दोन्हीत बसत नाहीत.

तरीही स्विच वीज देतो, आणि तक्रार न करता देतो. याचं कारण पाहण्यासारखं आहे. वीज सोडण्याआधी स्विच टोकाला खरंच पीओई उपकरण आहे का ते तपासतो: दहा व्होल्टच्या आतला थोडासा दाब देऊन २५ हजार ओहमच्या आसपासचा एक ठरावीक रोध दिसतो का, हे बघतो. पंचवीस हजारात केबलचे चौतीस कुठं लक्षात येणार? खूणगाठ जुळते, दिवा हिरवा लागतो, आणि पाहणारा म्हणतो पीओई चालू आहे. केबल किती वॅट वाहू शकेल याची परीक्षा तिथं होतच नाही.

या स्विचचा पुरवठा ४८ व्होल्टचा निघाला. फाटकावर दिवसा सगळं मिळून ९ वॅटच्या आसपास लागत होते. ३४ ओहममधून ९ वॅट न्यायचे तर फाटकावर ४० व्होल्ट उरतात; दुपारी मीटर लावला तेव्हा तेवढेच मिळाले. मानकाप्रमाणे एएफच्या उपकरणाला ३७ पुरतात, म्हणून दिवसभर कुरकुर नाही.

अंधार पडला की दोन्ही कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी १६ वॅटवर जाते. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. जुन्या बल्बला व्होल्टेज कमी मिळालं तर तो मंद जळतो, कमी करंट घेतो. कॅमेऱ्यातला पुरवठा तसा नाही. त्याला १६ वॅट हवेत म्हणजे हवेत. व्होल्टेज घसरलं की तो करंट वाढवून घेतो, करंट वाढला की केबलमधली घट वाढते, त्यानं व्होल्टेज आणखी घसरतं. व्याज भागवायला नवं कर्ज काढावं तसला प्रकार. कागदावर मांडलं तर १६ वॅटला फाटकावर जेमतेम २९.७ व्होल्ट उरतात. ३० च्या खाली उपकरणानं बंद व्हायचं, असं मानकातच आहे.

संध्याकाळी मी खांबाखाली मीटर लावून थांबलो. उजेड होता तोवर ४०. मग वर टिक असा बारीक आवाज झाला, कॅमेऱ्यातला दिवस-रात्र बदलणारा फिल्टर सरकला, दिव्यांची लालसर झाक दिसली आणि आकडा ३३, ३१ करत पडला. बंद. काही सेकंदांनी स्विचनं पुन्हा तपासणी केली, वीज सोडली, कॅमेरे उठले. उठताना इन्फ्रारेड लागलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीला सगळं बरं वाटतं. मिनिट-दीड मिनिटानं पुन्हा टिक. रात्रभर हेच चक्र चालायचं. मामांना हे कधीपासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

मग बिटरेट कमी करून फरक का पडला?

पुतण्याचा हा प्रश्न रास्त होता, आणि त्याला उडवून लावणं बरोबर झालं नसतं. म्हणून वीज आणि डेटा वेगळे करून पाहिले. काट्याच्या खोलीत लाइट आहेच. तिथून अ‍ॅडॉप्टर लावून फाटकावरच्या स्विचला जागेवर वीज दिली, डेटा मात्र जुन्याच केबलवरून राहू दिला. त्या रात्री कॅमेरे एकदाही बंद पडले नाहीत. पण चित्र अडखळत होतं, आणि लॅपटॉपवरून मोठ्या पॅकेटचं पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते पाहणारा संदेश, मारलं तर मधूनमधून उत्तर गायब.

म्हणजे दुखणी दोन होती आणि दोन्ही रात्रीचीच. अंधारात चित्रात दाणे येतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं प्रत्येक दाणा म्हणजे हालचाल, म्हणून त्याचा डेटा वाढतो. दिवसा प्रत्येकी चार मेगाबिटमध्ये भागणारे कॅमेरे रात्री त्याच्या वर जायला लागले की दोघांचं मिळून दहा मेगाबिटची वाट भरून जाते, त्यात गंजलेल्या जॉइंटमुळे पॅकेटं खराब होऊन वाया जातात ती वेगळीच. बिटरेट कमी केल्यावर गर्दी हटली, चित्र सुधारलं. बंद पडण्याचं चक्र मात्र तसंच राहिलं. पुतण्यानं केलेला उपाय चुकीचा नव्हता, अर्ध्या आजाराचा होता.

लांब केबलच्या कामात मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका केबलमधून जातात म्हणून वीज आणि डेटा यांना एकच मर्यादा आहे, असं आपण धरून चालतो. इथरनेटची १०० मीटरची मर्यादा डेटाची आहे: ९० मीटर पक्की केबल आणि दोन्हीकडच्या पॅचकॉर्ड मिळून १० मीटर. पूर्वी स्विचच्या जागी हब असायचे त्या काळात दोन उपकरणं एकदम बोलली तर टक्कर वेळेत कळली पाहिजे, असाही हिशोब असायचा. आता स्विचमुळे टक्कर उरली नाही. उरलाय तो सिग्नलचा क्षय. कॅट५ई दर्जाच्या केबलच्या १०० मीटर चॅनेलला मानक १०० मेगाहर्ट्झवर २४ डेसिबल क्षय चालवून घेतं, १० मेगाहर्ट्झवर फक्त ७. म्हणूनच वेग १० मेगाबिटवर आणला की तीच केबल दुपटीहून लांब चालते. विजेला यातल्या कशाशी देणंघेणं नाही. तिला ओहम आणि व्होल्ट एवढंच कळतं. शुद्ध तांब्याची, बिनजॉइंटची २३० मीटर केबल असती तर रोध १९ ओहमच्या घरात आला असता आणि रात्रीसुद्धा ४० व्होल्ट मिळाले असते. वीज निभावली असती, डेटाची कुचंबणा तशीच राहिली असती.

सावकारांच्या ओसरीवरची चर्चा

पर्याय भरपूर होते आणि प्रत्येकाचा पुरस्कर्ता हजर होता.

पहिला: काट्याच्या खोलीतलीच लाइट कायम वापरा. सगळ्यात स्वस्त. पण सावकारांनी ऑफिसातून वीज आणली होती त्याला कारण होतं. ऑफिसाला यूपीएस आणि जनरेटर आहे, फाटकाची लाइट पावसाळ्यात तासन्‌तास जाते, आणि लाइट गेलेल्या वेळेचंच रेकॉर्डिंग त्यांना हवं असतं. तिथं वेगळा छोटा यूपीएस ठेवता आला असता. त्याची बॅटरी कोण बघणार, या प्रश्नावर सगळे गप्प झाले.

दुसरा: केबलमध्ये दर १०० मीटरला पीओई एक्स्टेंडर. हा आवडीचा उपाय आहे आणि डेटासाठी खराही आहे, कारण एक्स्टेंडर सिग्नल नव्यानं उठवतो. विजेसाठी तो काही करत नाही. केबलचे ओहम तेवढेच राहतात, उलट प्रत्येक एक्स्टेंडर स्वतःचे एक-दोन वॅट घेतो. सीसीएवर लावला असता तर आणखी लवकर बंद पडलं असतं.

वायरलेस ब्रिजचं, म्हणजे तारेविना डेटा नेण्याचं, नाव निघालं. मधे झाडांची गर्दी, आणि जून ते सप्टेंबर या भागात पानं सुकतच नाहीत. ओली पानं पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल गिळतात. शिवाय वीज न्यायचीच राहते. सौर पॅनेलही याच कारणानं मागे पडलं, ऐन पावसाळ्यात त्याच्यावर विसंबता येत नाही.

कारखान्याच्या वायरमन अण्णांनी सुचवलं, ऑफिसातून १२ व्होल्टचा पुरवठा आणा, चांगली जाड अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकून. हा सल्ला बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो म्हणून आकडे मांडतो. त्या वायरचा किलोमीटरला रोध सुमारे ७.४ ओहम. २३० मीटर जाऊन-येऊन ३.४ ओहम. फाटकाला २० वॅट धरू. १२ व्होल्टवर ३.४ ओहममधून जास्तीत जास्त साडेदहा वॅटच बाहेर काढता येतात, मग पुरवठा कितीही मोठा लावा. समीकरणाला उत्तरच नाही. त्याच वायरवर ५४ व्होल्ट सोडले तर २० वॅटला ०.३८ अँपिअर जातो आणि घट होते १.३ व्होल्ट. कागद अण्णांच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी गणित पुन्हा करून पाहिलं आणि म्हणाले, "मग आमच्या टेलिफोनवाल्यांना हे पहिल्यापासून म्हाईत होतं म्हणा की."

होतंच. एक्स्चेंजमधली ४८ व्होल्टची बॅटरी काही किलोमीटर लांबच्या फोनला केसासारख्या बारीक तारेवरून वीज द्यायची, त्याच जोडीवरून बोलणंही जायचं. गावात अंधार असला तरी तारेचा फोन चालू असायचा तो यामुळे. पीओईचे व्होल्ट त्याच घरातले आहेत: करंट कमी ठेवण्याइतपत जास्त, आणि माणसाला धोका होऊ नये म्हणून धरलेल्या ६० व्होल्ट डीसीच्या मर्यादेच्या आत.

२३० व्होल्टच यूपीएसवरून सरळ फाटकापर्यंत न्यायचा पर्यायही खुला होता. भार पाचशे वॅटचा असता तर मी तोच सांगितला असता. वीस-तीस वॅटसाठी बागेतून, जिथं कामगार खणतात, फवारणी करतात, तिथून तेवढा दाब न्यायला मन घेईना.

पुतण्यानं वाचून ठेवलेली एक नवी गोष्टही बोलण्यात आली. २०१९ च्या ८०२.३सीजी मानकात एकाच जोडीवरून १० मेगाबिट, एक किलोमीटरपर्यंत जातो. रासायनिक कारखान्यांतल्या सेन्सरांसाठी ती उत्तम सोय आहे. पण दोन कॅमेऱ्यांना दहा मेगाबिट पुरत नाही हेच तर आपलं रडगाणं होतं.

शेवटी काय केलं

डेटा फायबरवर, वीज ५४ व्होल्ट डीसीनं वेगळ्या दोन तारांच्या आर्मर्ड (लोखंडी कवचाच्या) केबलवर.

अंतराच्या दृष्टीनं फायबरला हे काम म्हणजे काहीच नाही. सिंगल मोड फायबरचा क्षय १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर किलोमीटरला ०.३५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे २३० मीटरला एक दशांशसुद्धा नाही. दोन्हीकडच्या कनेक्टरांत त्याहून जास्त जातो. फायबर निवडण्याचं माझं खरं कारण वळीव. गेल्या वळवात ऑफिसाच्या स्विचचे दोन पोर्ट गेले होते. फाटकाची जमीन आणि ऑफिसाची जमीन यांच्यात वीज पडते त्या क्षणी हजारो व्होल्टचा फरक होऊ शकतो, आणि मधून तांब्याची तार गेलेली असेल तर तो फरक स्विचच्या पोर्टात येऊन भिडतो. काचेतून तो येत नाही.

पण काचेबरोबर लोखंड येऊ शकतं. घरोघरी इंटरनेटसाठी जी चपटी फायबर वापरतात तिच्यात आधाराला पोलादी तार असते. ती दोन्ही टोकांना मागेच कापून मोकळी सोडायची असते. काही जण ती पेटीच्या स्क्रूला आवळून टाकतात आणि फायबर घेतल्याचा निम्मा फायदा घालवतात. आर्मर्ड फायबरचंही तेच. इथं घुशी बऱ्याच, म्हणून आर्मर्ड घ्यावी असं वाटत होतं. शेवटी बिनलोखंडाची चार कोअरची (काचेच्या चार तारांची) घेतली आणि एचडीपीई पाइपात घातली.

खणायला जास्त दिवस गेले. वर लाल माती, खाली जांभा. कुदळ टणत्कार करते, पुढं सरकत नाही. जिथं दीड फूट जमलं नाही तिथं पाइपावर काँक्रीट ओतलं. जांभा सुकला की अर्थिंगलाही वाईट, म्हणून फाटकाचा अर्थिंग खड्डा पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोजवळ घेतला, जिथं माती मार्चमध्येसुद्धा ओली सापडली. ५४ व्होल्टच्या केबलला दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत सोडणारे, लावले. तांबं ते तांबंच, डेटाचं संकट गेलं म्हणून विजेचं गेलं असं नाही.

फाटकावर डीसी पुरवठ्यावर चालणारा छोटा इंडस्ट्रियल पीओई स्विच आहे. ऑफिसातला ५४ व्होल्टचा पुरवठा यूपीएसवरून चालतो. चार बॅटऱ्या जोडून सरळ ४८ व्होल्ट सोडायचा मोह होता, पण उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅंक ४३ व्होल्टपर्यंत येते, आणि एएफच्या पोर्टवर स्विचला किमान ४४ द्यावे लागतात. बॅटरीत जीव असतानाच कॅमेरे गेले असते. ३० वॅट धरून हिशोब केलाय: फाटकावर ५२ व्होल्ट उरतात. काम झाल्यावर रात्री, दिवे लागलेले असताना, मीटरवर त्याच्या किंचित वर आकडा आला.

दोन बारीक गोष्टींनी थोडा वेळ खाल्ला. एका कोअरवरून जाणं-येणं करणारे एसएफपी मॉड्यूल (स्विचमध्ये फायबर जोडायचे तुकडे) उलट-सुलट जोडीनं लागतात: एक १३१० वर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा त्याच्या उलट. पाकिटातून दोन्ही एकाच प्रकारचे निघाले. ते बदलून आल्यावर ऑफिसाकडचा लिंक दिवा लुकलुकत राहिला. पॅचकॉर्डचं हिरवं टोक निळ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये खुपसलेलं होतं. हिरव्याचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. बसतात एकमेकांत, पण मधे फट राहते.

पेटी आता धातूची आहे, सगळ्या केबली खालून ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत जातात, आणि प्रत्येक केबलला आत जाण्याआधी खाली एक झोल दिलाय म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. ग्लँडची रिकामी भोकं बुजवणं हे इथं शोभेचं काम नाही. पहिल्या पावसात मुंग्या अंडी घेऊन कोरड्या उबदार जागी येतात आणि स्विचइतकी उबदार जागा त्यांना दुसरी मिळत नाही. पेटीच्या दारावर ‘५४ व्होल्ट डीसी, पुरवठा ऑफिसातून’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलंय. अण्णा मराठी वाचतात, रात्री बोलावला जाणारा दुसरा वायरमन कन्नड.

फायबरच्या तीन कोअर मोकळ्या आहेत. सावकारांना पुढच्या हंगामाआधी वाळवणाच्या खळ्यावर एक वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट आणि भोंगा हवाय. भोंगा मोठ्यानं वाजताना किती वॅट घेतो ते अजून मला कागदावर मिळालेलं नाही. सगळं मिळून ३० वॅटच्या आत बसलं तर याच तारांवर लावू, नाहीतर ऑफिसातला पुरवठा मोठा घ्यावा लागेल. तारा ६० वॅटलासुद्धा पुरतील, तेव्हा फाटकावर ५० व्होल्टच्या आसपास राहतील. एटीच्या पोर्टला किमान ५० लागतात, म्हणून तिथं पुरवठ्याचा स्क्रू फिरवून ५५-५६ व्होल्ट करून ठेवावे लागतील.

झाडांवरची जुनी केबल सावकारांना तशीच राहू द्यायची होती, उद्या बेलसाठी उपयोगी पडेल म्हणून. ती ऑफिसाच्या खिडकीत आणि फाटकाच्या खांबाजवळ दोन्हीकडे हातभर कापून टाकली. बेल हवी असेल तर वायरलेस घ्या म्हटलं.